आयत्या वेळचा विषय

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जो कधी बसला आहे, त्याला विषयपत्रिकेतला शेवटचा विषय तोंडपाठ असतो : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे.' मी पूर्वी राहत होतो त्या एका सोसायटीत ओळीने चार वर्षे मी पाण्याच्या टँकरच्या हिशेबाचा विषय तिथे मांडू पाहिला. पहिल्या वर्षी अध्यक्ष म्हणाले, लेखी द्या. दुसऱ्या वर्षी लेखी दिले तर म्हणाले, आठ दिवस आधी द्यायला हवे होते. तिसऱ्या वर्षी गणपूर्ती नव्हती. सभा अर्ध्या तासाने पुन्हा भरली आणि तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, असे कळले. चौथ्या वर्षी विषय घेतला, तेव्हा वेफर्सच्या पुड्या वाटायला सुरुवात झाली होती. इतिवृत्तात एक ओळ आली : 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा झाली.' चार वर्षांत कोणीही माझ्या विरोधात मत दिले नव्हते. मत देण्याची पाळी कोणावर येऊच दिली नाही, हीच त्यातली करामत.

या करामतीचे ज्याने शास्त्र केले होते, असा एक माणूस १९०३ ते १९११ अशी आठ वर्षे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा अध्यक्ष होता. जोसेफ कॅनन. इलिनॉयमधल्या डॅनव्हिलचा, बोलणे रांगडे, तोंडात सिगार. लोक त्याला 'अंकल जो' म्हणत. सभागृहाच्या कोणत्या समितीवर कोण बसणार हे तो ठरवी, समित्यांचे प्रमुख तोच नेमी. कोणते विधेयक केव्हा घ्यायचे आणि त्यावर किती वेळ बोलू द्यायचे हे ठरवणारी नियम समिती पाच जणांची होती, आणि तिच्या प्रमुखपदी तोच. सदस्य बोलायला उभा राहिला की कॅनन विचारी, आपण कशासाठी उभे आहात? उत्तर पसंत पडले नाही, तर त्या सदस्याकडे त्याची नजर पुन्हा वळतच नसे. जवळपास चारशे लोकप्रतिनिधी, प्रत्येक जण निवडून आलेला, आणि कोणता विषय देशापुढे येणार हे एका खुर्चीत ठरायचे. त्या खुर्चीला कोणाला 'नाही' म्हणावेही लागत नसे.

नेब्रास्कातल्या मॅक्कुक या लहानशा गावचा वकील जॉर्ज विल्यम नॉरिस १९०३ मध्ये या सभागृहात आला, तेव्हा तो बंडखोर वगैरे मुळीच नव्हता. पक्का रिपब्लिकन, रेल्वे कंपनीच्या फुकट पासावर फिरलेला. जन्म १८६१ चा, ओहायोतल्या शेतकऱ्याच्या घरातला. बारा भावंडांतला अकरावा. तो तीन वर्षांचा असताना वडील गेले आणि त्याच वर्षी थोरला भाऊ यादवी युद्धात गेला. पुढे नेब्रास्कात तो जिल्हा न्यायाधीश झाला आणि १८९० च्या दशकातल्या दुष्काळात शेतकऱ्यांच्या जमिनींवरचे जप्तीचे दावे त्याच्यासमोर आले. कायदा सावकाराच्या बाजूने स्पष्ट असला, तरी तारीख कधी द्यायची हे न्यायाधीशाच्या हातात असते, आणि एखाद्या शेतकऱ्याला पुढच्या हंगामात उभे राहता येईलसे वाटले तर नॉरिस ती तारीख लांबवी. मला वाटते त्याचे खरे शिक्षण इथे झाले. कायद्यात काय लिहिले आहे यापेक्षा तो केव्हा, कोणासमोर आणि कोणत्या क्रमाने लावला जातो, यावर माणसांचे नशीब ठरते, हे त्याने आधी न्यायासनावर पाहिले. संसदेत त्याला तेच उलट्या बाजूने दिसले.

वॉशिंग्टनला त्याला पहिला धक्का बसला तो अगदी किरकोळ बाबतीत. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीच्या दिवशी डेमोक्रॅट सदस्यांनी सभागृह तहकूब करण्याची सूचना आणली. राष्ट्रपित्याचा मान राखायला पक्षाचा काय संबंध, अशा भाबडेपणाने नॉरिसने त्यांच्या बाजूने मत दिले आणि स्वपक्षीयांच्या नजरा झेलल्या. जयंतीची सुट्टीसुद्धा पक्षाने ठरवलेली असते, हे त्याला त्या दिवशी कळले.

शिकायला त्याला सहा-सात वर्षे लागली. जानेवारी १९१० मध्ये सरकारी जमिनींच्या एका मोठ्या प्रकरणात अंतर्गत खात्याचे मंत्री बॅलिंजर यांची चौकशी करायची होती, आणि चौकशी समितीतले सभागृहाचे सदस्य अर्थातच कॅनन नेमणार होता. नॉरिसला एक गोष्ट ठाऊक होती : कॅननचा उजवा हात डाल्झेल रोज ठरल्या वेळी काहीतरी पोटात टाकायला बाहेर जातो. तो बाहेर पडला तसा नॉरिस त्याच्या जागी बसलेल्या सदस्याकडे गेला आणि बोलायला थोडा वेळ मागितला. त्या भल्या माणसाने दिला. नॉरिसने दुरुस्ती मांडली : समिती अध्यक्षांनी नेमू नये, सभागृहाने निवडावी. १४९ विरुद्ध १४६. तीन मते आणि एका माणसाची जेवायची वेळ, एवढ्यावर ते काम झाले.

खरी लढाई दोन महिन्यांनी झाली. नियम समिती बदलण्याचा ठराव नॉरिस किती तरी दिवस खिशात घडी करून बाळगत होता, पण तो मांडायला वाट नव्हती, कारण नियमांविषयीचा ठराव नियम समितीकडे जाणार आणि ती समिती म्हणजे कॅनन. मार्चच्या मध्यावर कॅननच्याच गोटाने वाट करून दिली. जनगणनेचे एक विधेयक क्रम मोडून पुढे घ्यायचे होते. त्यासाठी युक्तिवाद असा केला की जनगणना राज्यघटनेने सांगितलेली आहे, म्हणून तिला बाकी सगळ्या कामकाजाआधी मान. १७ मार्चला नॉरिस उभा राहिला आणि म्हणाला, घटनेचा मान असलेला विषय माझ्याकडेही आहे. घटनेत जनगणना आहे तसेच हेही आहे, की प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाचे नियम आपण ठरवील. मग नियम बदलण्याचा ठराव आयत्या वेळी का येऊ नये?

प्रतिपक्षाचाच दोर, प्रतिपक्षाच्याच विहिरीत. कॅननला निर्णय देता येईना. ठराव चालणार नाही म्हणावे तर सभागृह तो निर्णय फिरवील, चालेल म्हणावे तर राज्य जाईल. सेंट पॅट्रिकचा दिवस होता, कॅननची बरीच माणसे मेजवान्यांना पांगलेली. त्यांना गोळा करण्यासाठी भाषणांवर भाषणे लांबवण्यात आली. सलग सव्वीस तास सभागृह उठले नाही. १९ मार्चला कॅननने ठराव नियमबाह्य ठरवला, सभागृहाने तो निर्णय फिरवला आणि १९१ विरुद्ध १५६ मतांनी नियम समिती दहा जणांची झाली. सदस्य सभागृहाने निवडायचे. अध्यक्षाला तीत जागा नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग लोक सांगायचे विसरतात, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हरलेल्या कॅननने मोठ्या तोऱ्यात सांगितले, मला काढायचे असेल तर आता काढा. एका डेमोक्रॅट सदस्याने तशी सूचना मांडली. सभागृहाने ती फेटाळली, आणि फेटाळणाऱ्यांत नॉरिस होता. आपल्याकडे असा माणूस निघाला तर त्याला पहिला प्रश्न येईल, सेटिंग काय झाले? नॉरिसचा हिशेब सरळ होता. कॅनन गेला असता आणि खुर्चीचे अधिकार तसेच राहिले असते, तर दुसरा कॅनन आला असता. अधिकार गेले; आता कॅनन बसो की आणखी कोणी.

नॉरिसकडे मी पुन्हा पुन्हा वळतो तो यासाठी. सुधारक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चांगली माणसे निवडून आणा म्हणणारा कोणीतरी येतो. नॉरिसने चाळीस वर्षांत तो सूर फारसा लावला नाही. तो विचारी : हे कोणी केले, याचे उत्तर मतदाराला सापडेल का? नसेल सापडत, तर ज्या कोपऱ्यात ते उत्तर लपले आहे तो कोपराच काढून टाका. कॅननची खुर्ची हा एक कोपरा होता. दुसरा कोपरा दोन सभागृहांच्या मधल्या खोलीत होता.

अमेरिकेत विधेयक दोन्ही सभागृहांत वेगवेगळ्या रूपात संमत झाले, की दोन्हीकडचे मोजके सदस्य एकत्र बसून एक मसुदा करतात. त्या बैठकीला कॉन्फरन्स कमिटी म्हणतात. राज्याच्या विधिमंडळात ही मंडळी बहुधा पाच-सहा असत. दार बंद, कोण काय बोलला याची नोंद नाही, मतदानाची नोंद नाही. बाहेर येणारा मसुदा सभागृहांनी जसाच्या तसा घ्यायचा किंवा सोडायचा. दुरुस्तीला वाव नाही. एखाद्या कलमाचा गळा कापायचा तर इथे कापता येई, आणि हातांना रक्त लागत नसे. एका सभागृहाचा आमदार गावी जाऊन सांगे, आम्ही चांगले विधेयक केले होते, त्यांनी बिघडवले. दुसऱ्याचा तेच उलटे सांगे. खरे पाहता दोघेही खूश असायचे. नॉरिस म्हणे, दोन सभागृहे एकमेकांवर नजर ठेवतात असे पाठ्यपुस्तकात असते. प्रत्यक्षात ती एकमेकांच्या पाठीमागे लपतात. हे त्याने १९२३ पासून लिहायला सुरुवात केली होती. तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही.

१९३४ मध्ये तो ऐकवायला गावोगाव निघाला. वय ७३. नेब्रास्कात मतदारांना सह्या गोळा करून घटनादुरुस्ती थेट मतदानाला टाकता येते. त्याने तेच केले. बहुतेक वर्तमानपत्रे विरोधात, दोन्ही पक्षांचे पुढारी विरोधात. स्वतःच्या गाडीतून राज्यभर फिरला. दोन जोड टायर झिजले, असे सांगतात. वर्षे मंदीची होती आणि खर्च निम्मा होईल हा मुद्दा लोकांना कळण्यासारखा होता. शिवाय त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठवण्याचा आणि घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांचा प्रश्न होता, त्यामुळे एरवी घरी बसणारेही बाहेर पडले. तत्त्वज्ञानाला असा शेजार मिळाला तर नाकारू नये. २,८६,०८६ विरुद्ध १,९३,१५२ मतांनी दुरुस्ती संमत झाली. १९३७ च्या जानेवारीत पहिले अधिवेशन भरले, तेव्हा १३३ आमदारांच्या जागी ४३ होते. आज ४९ आहेत. सभागृह एकच उरले, तरी सदस्य स्वतःला सिनेटर म्हणवतात. माणसाला पदवी सोडवत नाही.

लिंकन शहरातले त्यांचे विधान भवन दहा वर्षे बांधले जात होते आणि १९३२ मध्ये पुरे झाले. चारशे फूट उंच मनोरा, वर बी पेरणाऱ्या शेतकऱ्याचा पुतळा, आणि आत दोन सभागृहांसाठी दोन दालने, कारण वास्तुकाराला १९३४ मध्ये काय होणार हे कुठून कळावे? पश्चिमेकडच्या दालनात कामकाज चालते. पूर्वेकडचे दालन, कोरीव दारांसकट, पाच वर्षांत बिनकामाचे झाले. आता तिथे समारंभ होतात. पण नॉरिसच्या योजनेचे मोल त्या मोकळ्या दालनावरून कळत नाही. ते कळते कामकाजाच्या रीतीवरून. तिथे मांडल्या गेलेल्या प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते. वाटेत कोणी हरवून टाकू शकत नाही. कोणीही नागरिक येऊन टेबलापाशी बसून बोलू शकतो. समितीची सदस्यांपुरती बैठकही पत्रकारांना उघडी असते. माझ्या टँकरच्या हिशेबाला तिथे निदान एक दुपार मिळाली असती.

नॉरिसचा दाखला देऊन आपली विधानपरिषद बरखास्त करा म्हणणारे मी पाहिले आहेत. त्यांनी जरा थांबावे. आपल्या घटनेत कॉन्फरन्स कमिटी नाही. संसदेत दोन सभागृहांचे जुळले नाही तर संयुक्त बैठक होते, उघड, नोंदीसह. आजवर ती तीनदाच झाली, १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये. राज्यात तर विधानपरिषद विधेयक काही महिने अडवू शकते, पाडू शकत नाही. म्हणजे नॉरिसला जो कोपरा खुपत होता तो आपल्याकडे नाहीच. आपल्या परिषदेवर आक्षेप घ्यायचे तर वेगळे आहेत : पराभूतांची सोय, राज्यपालनियुक्त बारा जागांचे चाललेले वाद. आणि हेही नाकारता येत नाही की रोजगार हमी योजनेचा विचार ज्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आधी करून पाहिला ते वि. स. पागे त्याच विधानपरिषदेचे अठरा वर्षे सभापती होते. दुसऱ्या सभागृहात निवांतपणाने काही सुचूही शकते. उसना युक्तिवाद आपल्या घराला बसतो की नाही, हे आधी मोजून घ्यावे लागते.

तिसरा कोपरा कॅलेंडरातला. हा नॉरिसने काढला नसता तर १९३३ नंतरची अमेरिका वेगळी दिसली असती. जुन्या रीतीने निवडणूक नोव्हेंबरात होई, पण नवा अध्यक्ष आणि नवी काँग्रेस यांची मुदत ४ मार्चला सुरू होई, आणि नवी काँग्रेस सहसा त्यापुढच्या डिसेंबरात भरे. म्हणजे निवडून आल्यापासून तेरा महिन्यांनी. मधल्या हिवाळ्यात जुनी काँग्रेस बसे, आणि तीत पराभूत सदस्य मत देत. घोड्यावरून उतरलेला स्वार ज्या मजेत लगाम झुगारतो त्या मजेत. १९२२ मध्ये अध्यक्ष हार्डिंग यांनी जहाज कंपन्यांना अनुदान देणारे विधेयक अशाच पराभूतांच्या बळावर रेटायला घेतले. पराभूतांनी मत देऊ नये, असा ठराव एका सिनेटरने मांडला आणि तो कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने शेतकी समितीकडे पाठवला गेला. नॉरिस तोवर सिनेटमध्ये गेला होता आणि शेतकी समितीचा अध्यक्ष होता. गव्हाच्या आणि खतांच्या कागदांत घटनादुरुस्तीचा कागद येऊन पडला, आणि त्याने तो सोडला नाही. सिनेटने दुरुस्ती पाच वेळा संमत केली. पाचही वेळा प्रतिनिधिगृहाच्या नेत्यांनी ती अडवली. बहुतेकदा मताला टाकलीच नाही. शेवटी १९३२ मध्ये दोन्हीकडे संमत होऊन २३ जानेवारी १९३३ ला विसावी घटनादुरुस्ती पक्की झाली. नेमक्या त्याच हिवाळ्यात रूझवेल्ट निवडून आले होते आणि मार्चची वाट बघत होते, आणि देशभर बँका बुडत होत्या. चार महिने कोणाचेच सरकार नाही, म्हणजे काय हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ४ मार्चला शपथ घेणारे रूझवेल्ट शेवटचे.

इथपर्यंत नॉरिस स्वच्छ दिसतो. पण त्याच्या आयुष्यात एक फेब्रुवारी-मार्च असा आहे की त्याच्या चाहत्यांना तिथे अडखळावे लागते. १९१७. व्यापारी जहाजांवर तोफा बसवू द्या, असे अध्यक्ष विल्सन यांचे विधेयक होते. सभागृहाचे बहुमत त्याच्या बाजूने होते. ४ मार्चच्या दुपारी बाराला अधिवेशन संपणार होते. नॉरिस, सिनेटमधले त्याचे सहकारी ला फॉलेट आणि आणखी नऊ-दहा जणांनी बोलत राहून तोवरचा वेळ काढला आणि विधेयक मेले. मत घेऊच दिले नाही. ज्याने कॅननला याच पापासाठी खाली खेचले, त्याने हेच केले.

त्याचे समर्थन करता येते, आणि तो स्वतः करी : सगळे देशापुढे, नाव सांगून, उभे राहून बोलत होते; बंद खोलीत काही नव्हते. खरे आहे. लपण्याचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. तरीही बहुमताला मत देण्यापासून रोखणे ते रोखणेच. मला या प्रकरणात त्याची बाजू पटत नाही, माणूस पटतो. कारण पुढे काय केले ते पाहा. ४ मार्चची ठरलेली सीमा होती म्हणूनच बोलत राहून विधेयक मारता आले. विसाव्या घटनादुरुस्तीने ती सीमा पुसली, आणि अशी छोटी अधिवेशने वेळकाढूपणाला आमंत्रण देतात हा मुद्दा नॉरिसने दुरुस्तीच्या बाजूने स्वतः मांडला. स्वतःचे सर्वांत धारदार हत्यार त्याने स्वतः मोडून टाकले.

त्या मार्चमध्ये नेब्रास्कात त्याला देशद्रोही म्हणत होते. त्याने राज्यपालांना कळवले, विशेष निवडणूक घ्या, लोकांना नको असेन तर जातो. राज्यपालांनी नकार दिला. मग लिंकनमध्ये त्याने सभा लावली. अध्यक्षस्थान घ्यायला कोणी तयार होईना, मित्रही नाहीत. ठरल्या वेळी तो एकटाच मंचावर आला. हजारोंचा जमाव, एकही टाळी नाही. विना अध्यक्ष, विना प्रास्ताविक तो बोलायला लागला. तासाभराने तेच सभागृह टाळ्या वाजवत होते. थोड्याच दिवसांत युद्धाच्या ठरावावर सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ मते पडली; सहांत तो होता. सावकारांच्या पैशासाठी आपण युद्धात चाललो आहोत, हे त्याचे निदान मला फार सोपे वाटते. दुसऱ्या महायुद्धात त्याने स्वतःही वेगळी भूमिका घेतली.

त्याच्या योजनेतली एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून खटकते. नेब्रास्काचे विधिमंडळ पक्षविरहित आहे : मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो, सभागृहात पक्षनेते नसतात, समित्यांचे प्रमुख सगळे सदस्य मिळून गुप्त मतदानाने निवडतात. नॉरिसला पक्ष म्हणजे आणखी एक लपायची जागा वाटे. पक्षाचा आदेश होता, मी काय करणार? असे म्हणायची सोय. त्याचा फायदा झाला, यात शंका नाही. २००२ मध्ये नेब्रास्का आणि शेजारचे कॅन्सस यांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्हीकडचे उमेदवार प्रचारात सारखेच दोन टोकांना होते. पण निवडून आल्यावर कॅन्ससमध्ये मते पक्षाच्या रेषेवर फाटली, नेब्रास्कात तशी फाटली नाहीत. २०१५ मध्ये तिथे फाशीची शिक्षा रद्द झाली. रिपब्लिकन राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, तो विधिमंडळाने ३० विरुद्ध १९ ने फिरवला, आणि फिरवणाऱ्यांत बरेच रिपब्लिकन होते. ओमाहाचे अर्नी चेंबर्स हे अपक्ष, कृष्णवर्णीय सदस्य जवळपास चार दशके ते विधेयक पुन्हा पुन्हा मांडत होते. दोन पक्षांच्या सभागृहात असा माणूस कोपऱ्यात बसून म्हातारा झाला असता.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती नॉरिसच्याच कसोटीवर उतरते. हे कोणी केले? ४९ सुट्ट्या माणसांनी. विद्युतदर वाढले, शाळेचा निधी घटला. मतदाराने कोणाला धरायचे? त्याच्या एका आमदाराला, जो म्हणणार माझे एक मत. पक्ष ही लपण्याची जागा असते हे खरे, तशी ती पकडण्याची मूठही असते. पुढच्या वर्षी झालेल्या सार्वमतात नेब्रास्काच्या मतदारांनी फाशी परत आणली, याचाही अर्थ हाच घ्यावा लागतो, की सभागृह आणि मतदार यांच्यामधला दुवा कुठेतरी सुटला होता. एक सभागृह, उघडी दारे, प्रत्येक विधेयकाला सुनावणी : इथपर्यंत नॉरिस बरोबर. पक्ष पुसून टाकण्यात त्याने एक कोपरा काढला आणि दुसरा तयार केला.

तो स्वतः पक्षात असून नसल्यासारखा होता. १९२८ मध्ये रिपब्लिकन असून त्याने डेमोक्रॅट अल स्मिथ यांना पाठिंबा दिला. स्मिथ दारूबंदीच्या विरोधात आणि नॉरिस कट्टर बाजूने असताना. पक्षाने १९३० मध्ये सूड घेण्यासाठी त्याच नावाचा एक किराणा दुकानदार प्राथमिक निवडणुकीत उभा केला. ही युक्ती मराठी मतदाराला समजावून सांगायला नको. फक्त त्या दुकानदाराचा अर्ज टपालाने मुदतीनंतर पोहोचला आणि न्यायालयाने तो बाद ठरवला. १९३६ मध्ये नॉरिस अपक्ष म्हणून निवडून आला. आपल्या घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, यातले काय काय बसले असते? १९१० च्या मार्चमध्येच त्याची खासदारकी गेली असती. तो कायदा आपण ज्यांच्यासाठी केला ते खुर्चीसाठी पक्ष बदलणारे होते. त्यांना त्यातून पळवाटा सापडल्या, हे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने पाहिले. एकट्याने उभे राहून पक्षाविरुद्ध मत देणारा मात्र त्यात हमखास अडकतो.

नॉरिसचे नाव आज लोकांना कायद्यांपेक्षा धरणामुळे माहीत आहे. अलाबामातल्या मसल शोल्सला टेनेसी नदीवर सरकारने युद्धकाळात धरण बांधायला घेतले होते. युद्ध संपल्यावर हेन्री फोर्डने ते सगळे स्वस्तात आणि शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितले. शेतकी समितीच्या अध्यक्षाने ते होऊ दिले नाही. लोकांच्या मालकीची वीज, हा त्याचा ध्यास. अध्यक्ष कूलिज आणि हूव्हर यांनी एकेकदा विधेयक अडवले; १८ मे १९३३ ला रूझवेल्टनी सही केली आणि टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी अस्तित्वात आली. तिच्या पहिल्या धरणाला नॉरिसचेच नाव आहे. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दामोदर खोऱ्यासाठी हाच नमुना समोर ठेवला आणि टेनेसी खोऱ्याचे अभियंते व्हूरडुइन यांनी प्राथमिक आराखडा केला. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झाले. मॅक्कुकच्या वकिलाचा झारखंड-बंगालशी असा धागा आहे. मात्र नॉरिस धरणाच्या पाण्याखाली जवळपास तीन हजार कुटुंबांची घरे गेली, आणि कामगारांसाठी वसवलेल्या नॉरिस गावात कृष्णवर्णीयांना राहू दिले नाही. त्या कुटुंबांना कोणत्या सभेत आयत्या वेळी विषय मांडता आला होता? दारे उघडी करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नावाचे धरण अशा मंडळाने बांधले, ज्याचे तिन्ही संचालक नेमलेले होते. दामोदरच्या काठावरच्या विस्थापितांनाही हा प्रश्न वारशाने मिळाला.

१९४२ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, तो पडला. निवडून आला एक रिपब्लिकन, ज्याचे नाव आज शोधावे लागते. नॉरिस मॅक्कुकला परतला आणि २ सप्टेंबर १९४४ ला गेला.

१९५७ मध्ये सिनेटच्या स्वागत दालनाच्या भिंतीवर लावायच्या चित्रांसाठी एका समितीने इतिहासातले पाच श्रेष्ठ सिनेटर निवडले. जॉन केनेडी समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नॉरिसवर एक प्रकरणच लिहिले होते. १६० अभ्यासकांची मते मागवली, आणि आलेल्या मतांत नॉरिस पहिला होता. पण समितीने आपसात एक नियम केला होता : निवड एकमताने व्हावी. न्यू हॅम्पशायरच्या एका सदस्याचा जुना राग होता, आणि नेब्रास्काच्या दोन्ही विद्यमान सिनेटरांनी हरकत घेतली. मतदानाची वेळ आली नाही. क्ले, वेब्स्टर, कॅल्हून, ला फॉलेट आणि टाफ्ट यांची चित्रे लागली. २००० मध्ये आणखी दोघांची नावे निवडण्यात आली, व्हँडेनबर्ग आणि वॅग्नर. तेव्हाही नॉरिसचा विषय पुढे गेला नाही.